मंडळीतली कुजबुज: ऐकलेली गोष्ट कुठे न्यायची, कुठे थांबवायची

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कापणीच्या सणाला उपासनेनंतर लिलाव होतो. कुणी गच्चीवरच्या कुंडीतली वांगी आणतं, कुणी नगरहून मागवलेली ज्वारी, कुणी घरी भाजलेला केक. एक कोंबडा दरवर्षी असतोच. पाय बांधून तो वेदीजवळ ठेवला की संडे स्कूलच्या पोरांचं उपासनेत लक्ष राहत नाही, पण बोली जोरात लागते. शंभराचा भोपळा अकराशेला जातो, टाळ्या पडतात आणि शेवटी माइकवरून एकूण आकडा जाहीर होतो. काही वर्षांपूर्वी तो होता ४८,३५०. तीन आठवड्यांनी नोटीस बोर्डावर जमा रक्कम लागली ४१,१५०.

त्या रविवारी मेगाब्लॉक होता. माटुंग्यानंतर आमची गाडी धिम्या मार्गावरून रांगत होती, लेडीज डब्यात आम्ही मंडळीतल्या पाचजणी. मी म्हटलं, “सात हजार दोनशे कमी कसे गं?” एवढंच. डोंबिवली येईपर्यंत त्याचं “हिशेब लागत नाही म्हणे” झालं होतं. बुधवारी एका घरच्या प्रार्थनेत कुणीतरी विनंती ठेवली, “खजिनदारांच्या कुटुंबाला पैशाच्या मोहातून प्रभूने सोडवावं.” पुढच्या रविवारी चहाच्या वेळी त्यांच्या पत्नी एकट्याच कप धरून उभ्या होत्या. त्या संडे स्कूल घेत, आम्ही सगळ्या त्यांना टीचर म्हणायचो.

खरी गोष्ट अगदी साधी होती. बोली लावणारे सगळेच त्या दिवशी पैसे देत नाहीत. भरात येऊन आकडा ओरडतात आणि मग “पगार झाल्यावर देतो” म्हणतात. जाहीर झाली होती बोलीची बेरीज, बोर्डावर लागली होती आलेली रक्कम. कुणाकडे किती थकलंय हे खजिनदारांच्या वहीत नावानिशी होतं. ती नावं चारचौघांत काढायची नाहीत म्हणून ते गप्प राहिले. मी हा किस्सा घरी जेवताना रंगवून सांगितला तेव्हा माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, “अगं, त्यातले अठराशे आपलेच आहेत. कोंबडा आणि केक.”

काडी मीच लावली होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढे जे लिहिते आहे ते निस्तरताना शिकलेलं आहे.

या विषयावर उपदेश पुष्कळ होतात आणि बहुतेकांचं सार “जिभेला लगाम घाला” एवढंच असतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला जातो, लहानशी ठिणगी आणि मोठं रान, सगळे माना डोलावतात आणि चहाला बाहेर पडल्यावर पुन्हा तेच. गप्प बसा, हा सल्ला चालत नाही. माणसाला एखादी गोष्ट खुपली तर तो ती कुठेतरी बोलणारच. चुकतो तो पत्ता. माझा प्रश्न बरोबर होता. तो खजिनदारांना विचारला असता तर दोन मिनिटांत मिटला असता. मी तो चार अशा बायकांना विचारला ज्यांना उत्तर माहीत असण्याची सुतराम शक्यता नव्हती.

आधी आपली मंडळी ओळखा

मुंबईतल्या मराठी मंडळ्या लहान आणि आतून गुंतलेल्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तेव्हापासून भायखळा-गिरगावकडच्या जुन्या मंडळ्यांत नगर, जालना, सोलापूरकडची कुटुंबं येत राहिली, एकमेकांत सोयरीक करत राहिली. आज लोक राहतात कल्याणला, विरारला, पनवेलला, पण रविवारी येतात आजोबांच्या चर्चमध्येच. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे जाता-येता गाडीतले दोन-तीन तास, आणि त्यात बोलायला विषय एकच, मंडळी. दुसरा जास्त गंभीर: इथे बाहेरचं असं कुणी नसतंच. भायखळ्यात बोललेलं नगरच्या मावसबहिणीला संध्याकाळपर्यंत कळतं आणि तिथून जालन्याला, जिथे त्या घरच्या मुलीचं स्थळ चाललेलं असतं. आमच्या खजिनदारांच्या मुलीबद्दल तिकडून चौकशी आली तेव्हा कुणीतरी उत्तर दिलं, “तसे चांगले आहेत लोक, पण...” त्या ‘पण’च्या पुढे काहीच बोललं गेलं नाही. बोलणी तिथेच थांबली.

मंडळीचंही नुकसान होतं आणि ते फार व्यावहारिक असतं. आमच्याकडे त्यानंतर खजिनदार व्हायला कुणी तयार होईना. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, अडीच महिने स्वतः पावत्या फाडल्या. संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग बंदच पडला. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मिर्याम आणि अहरोन आपल्या भावाविरुद्ध, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध, बोलतात, मिर्यामेला कोड फुटतं, ती सात दिवस छावणीबाहेर राहते. ही कथा आपण शिक्षेची म्हणून सांगतो. त्यातला एक तपशील माझ्या फार उशिरा लक्षात आला: ती आत येईपर्यंत लोकांनी कूच केलं नाही. बोलले दोघं, आणि अख्खी छावणी आठवडाभर जागच्या जागी.

पायरी १: तोंड उघडण्याआधी पत्ता तपासा

“हे खरं आहे का?” हा प्रश्न अपुरा आहे, कारण खऱ्या गोष्टीनेही माणूस उद्ध्वस्त होतो. कॅथलिक धर्मशिक्षणात याचे तीन भाग केलेले आहेत. पुरावा नसताना मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरवणं, हा पहिला. दुसऱ्याचा खरा दोष योग्य कारण नसताना तिसऱ्याला सांगणं, हा दुसरा. खोटं बोलून नाव घालवणं, हा तिसरा. आपण प्रॉटेस्टंट लोक बहुधा फक्त तिसऱ्याला पाप म्हणतो. दुसऱ्या प्रकारात तर आपला हात धरणारं कुणी नाही, “मी काय खोटं बोलले का?” म्हणत आपण तो खुशाल करतो.

मी आता स्वतःला एकच गोष्ट विचारते: हे ऐकून समोरची व्यक्ती काय करू शकते? ती विचारू शकते, दुरुस्त करू शकते, मदत करू शकते, कुणाला वाचवू शकते? तर सांगावं. ती फक्त “अगं बाई!” म्हणू शकत असेल, तर पत्ता चुकलाय.

एका वडीलधाऱ्या काकांनी मला यावर “निंदकाचे घर असावे शेजारी” ऐकवलं होतं. म्हण चांगलीच आहे. पण निंदक शेजारी असावा तो कशासाठी? त्याचं बोलणं आपल्या कानावर पडावं, आपल्याला सुधारता यावं म्हणून. आपल्याबद्दल तो तीन स्टेशनं पलीकडे बोलत असेल तर त्या शेजाराचा काय उपयोग?

पायरी २: प्रार्थना विनंतीला चाळणी लावा

मंडळीत कुजबुज कधीच कुजबुज म्हणून येत नाही. ती डोळे मिटून येते. “अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, फार कठीण परिस्थितीतून जात आहे,” आणि आमेननंतर शेजारची हळूच विचारते, “काय झालं?” विनंती करणाऱ्या बहुतेकांचं मन साफ असतं. म्हणूनच ही जागा सगळ्यात निसरडी.

नियम सोपा ठेवा. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचं: “भगिनी मंडळात नाव घेऊन प्रार्थना करू का? किती सांगू?” हो म्हटलं तर तेवढंच सांगायचं. विचारता आलं नाही तर नाव घ्यायचं नाही. देवाला पत्ता माहीत आहे. आणि कारण सांगायची गरज जवळपास कधीच नसते. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

“आपल्यातल्या एका घरात सध्या ताण आहे. त्यांना शहाणपण आणि शांती मिळावी म्हणून प्रार्थना करू.”

“नवरा रोज उशिरा येतो, पिऊन येतो असं कळलंय, मुलगी माहेरी आली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू.”

दुसऱ्या वाक्यात देवाला नवीन असं काही नाही. नवीन आहे ते खोलीत बसलेल्या बारा जणींना.

आजारपणाच्या बाबतीत लोक सर्रास हे विसरतात. “ऑपरेशन आहे” पुरे. कसलं, गाठ कुठे, रिपोर्ट काय, हे त्या घरच्यांनी सांगितलं तरच. गर्भपात, मूल न होणं, मानसिक आजारावरची औषधं, नोकरी जाणं, यातलं काहीही परवानगीशिवाय प्रार्थनेत येता कामा नये.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर तो दोन तुकड्यांत तोडा. उपासनेच्या वेळा, निधन, हॉलच्या सूचना यांसाठी एक ग्रुप, ज्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल. प्रार्थनेचा वेगळा, आणि त्यात विनंती टाकणाऱ्याने “घरच्यांच्या परवानगीने” हे शब्द लिहायचे. आमच्याकडे हे सुरू झाल्यावर महिनाभर ग्रुप शांत होता. मला तर जरा करमेनासंच झालं, खोटं कशाला बोलू.

पायरी ३: ऐकताना काय म्हणायचं

चहाडी एकट्याने होत नाही, तिला कान लागतो. नीतिसूत्रांत म्हटलंय की लाकूड संपलं की आग विझते, तसा चहाडखोर नसला की तंटा मिटतो. लाकूड पुरवणारे आपण ऐकणारेच असतो. पण आपल्या घरांत मोठ्या मावशीला “मला हे ऐकायचं नाही” असं तोंडावर म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. मी वापरते ती वाक्यं अशी.

वयाने मोठं कुणी सांगत असेल: “मावशी, त्यांना तुम्ही विचारलंत का? तुमचं ते ऐकतील.” यात मावशीचा मान राहतो आणि गोष्टीला योग्य पत्ताही मिळतो. निम्म्या वेळा मावशी म्हणतात, “मी कशाला बोलू बाई,” आणि विषय संपतो.

बरोबरीची मैत्रीण असेल: “चल, रविवारी दोघी मिळून त्यांनाच विचारू.” हे वाक्य आगीवर ओतलेल्या बादलीसारखं आहे. जिला खरंच काळजी असते ती हो म्हणते.

“कुणाला सांगू नकोस हं” अशी सुरुवात झाली तर तिथेच थांबवा: “मग मलाही नको सांगूस. माझ्या पोटात राहणार नाही.” माझ्या बाबतीत हे खरंच आहे, त्यामुळे म्हणायला जड जात नाही.

ग्रुपवर काही आलं तर ग्रुपवर वाद घालू नका. त्याने मजकूर वर येत राहतो. पाठवणाऱ्याला थेट फोन करा, लिहू नका, आणि काढून टाकायला सांगा. स्क्रीनशॉट “तुझ्या माहितीसाठी” पुढे पाठवणं म्हणजे तेच काम दुसऱ्या वेशात.

पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, यातून सोडा. प्रत्येक मंडळीत लोक पाळकसाहेबांना सांगायचं ते आधी बाईंच्या कानात घालतात, म्हणजे आपोआप पोचेल आणि आपलं नावही येणार नाही. त्या बिचाऱ्या ना कमिटीत, ना त्यांना उत्तर द्यायचा अधिकार, आणि पुढे काही बिनसलं की “बाईंनीच कान भरले” म्हणायला आपण मोकळे.

हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी आपल्या जेवणाच्या टेबलावरच ओळी लिहून घेतल्या होत्या: जो गैरहजर माणसाचे लचके तोडतो त्याला या टेबलावर जागा नाही. एकदा पाहुणे आलेले बिशप मित्रच तसं बोलू लागले, तेव्हा त्यांनी सुनावलं की एकतर या ओळी पुसा नाहीतर मी उठून खोलीत जातो. मला यात आवडतं ते म्हणजे जागेची निवड. त्यांनी ते वेदीवर लिहिलं नाही, जेवायच्या टेबलावर लिहिलं. आपल्याकडे ते चहाच्या किटलीवर लिहावं लागेल.

पायरी ४: थेट त्या माणसाकडे जाणं

मत्तय १८:१५-१७ सगळ्यांना पाठ असतं आणि फार थोडे लोक ते त्याच क्रमाने करतात. आधी एकट्याने त्याच्याकडे. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन. तरीही नाही तर मंडळीला. आपण तळापासून सुरू करतो: आधी सगळी मंडळी, मग दोघं-चौघं, आणि शेवटी चुकून तो माणूस.

सर्वांत जास्त शिकावं असं उदाहरण यहोशवाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. यार्देन नदीपलीकडच्या इस्राएली वंशांनी एक मोठी वेदी बांधली. इकडे बातमी आली आणि सगळे लढाईला जमले, कारण ऐकणाऱ्याला ते सरळ बंड वाटलं. पण कूच करण्याआधी त्यांनी फिनहास आणि दहा सरदारांना विचारायला पाठवलं. कळलं की ती वेदी होमार्पणासाठी नव्हतीच. “तुमची मुलं उद्या आमच्या मुलांना परकं म्हणतील, म्हणून ही साक्ष” असं त्यांचं उत्तर होतं. वेदी खरी होती, बातमी खरी होती, अर्थ साफ चुकीचा होता. आमच्या बोर्डावरचे दोन आकडेही खरेच होते.

तर कसं जावं?

रविवारी चर्चच्या दारात नको. तिथे शंभर डोळे असतात आणि समोरच्याला लगेच बचावाला उभं राहावं लागतं. आठवड्यात फोन करून वेळ मागा. “जरा बोलायचं होतं” एवढंच म्हणून माणसाला दोन दिवस टांगणीला लावू नका, विषय सांगा: “लिलावाच्या हिशेबातली एक गोष्ट मला समजली नाही, दहा मिनिटं द्याल का?” पहिलं वाक्य प्रश्न असू द्या आणि तो खरा प्रश्न असू द्या. “तुम्ही असं का केलंत?” हा प्रश्न नसतो, निकाल असतो. “लोक म्हणतात” हे शब्द तर दारातच काढून ठेवा. लोक म्हणजे कोण? पौल करिंथच्या मंडळीतल्या भांडणांबद्दल लिहितो तेव्हा सरळ सांगतो की हे मला ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून कळलं. नाव घेऊन. ज्याचं नाव घेता येत नाही अशी माहिती घेऊन कुणाच्या दारात उभं राहू नये.

दुसऱ्या खेपेला बरोबर न्यायची माणसं आपल्या गटातली नकोत. साक्षीदार म्हणजे आपल्या बाजूने बोलणारा वकील नव्हे. दोघांनाही ज्याच्याबद्दल आदर आहे असं कुणी शोधा, आणि त्याला आधीच आपली बाजू पाजून नेऊ नका.

“मंडळीला सांग” याचा अर्थ ग्रुपवर टाक असा नाही. आपल्याकडे त्यासाठी पाळक आहेत, मंडळीचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी आहे. तिथपर्यंत.

आणि एक अपवाद ठळकपणे: जिथे एकाकडे सत्ता आहे आणि दुसऱ्याकडे नाही, तिथे “आधी एकटी जाऊन बोल” असं कुणालाही सांगू नका. तरुण मुलगी आणि तिला त्रास देणारा वडील माणूस, किंवा मारहाण करणारा नवरा, यांना मत्तय अठराची पहिली पायरी लावणं क्रूरपणा आहे.

पायरी ५: जी गोष्ट कुजबुज नाही

हे वेगळं काढते, कारण “निंदा करू नका” हे वचन कित्येकदा नेमकं अत्याचार झाकायला वापरलं जातं. “मंडळीची बदनामी होईल, ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागेल.” बट्टा सांगणाऱ्यामुळे लागत नाही.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कायदा स्पष्ट आहे. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं माहीत असणाऱ्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कुणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. कमिटीने आधी “आपसात चौकशी” करायची नाही. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२. त्यानंतर मात्र त्या मुलाचं नाव तुमच्या तोंडून कुठेही बाहेर पडता कामा नये, प्रार्थनेतसुद्धा.

बदनामीचा कायदा बघितला तर तोही पत्ताच तपासतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण ज्याला त्या बाबतीत कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी धरली जात नाही, तो अपवाद कलमातच आहे. तीच गोष्ट दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली की मामला बदलतो. तरी भावाभावांनी कोर्टात जावं असं मी म्हणणार नाही. फक्त “मी तर नुसतं फॉरवर्ड केलं” हे उत्तर तिथे कामाला येईल या भ्रमात राहू नका.

पायरी ६: कमिटीवर असाल तर

कुजबुज बहुतेक वेळा माहितीच्या दुष्काळात उगवते. आम्ही शेवटी केलं ते इतकं साधं की आधी का सुचलं नाही याची लाज वाटते. लिलावानंतर बोर्डावर आता दोन रकाने लागतात: ‘बोली’ आणि ‘आजवर जमा’. खाली एक ओळ: उरलेली रक्कम येणे. नावं नाहीत. ही सूचना खजिनदारांनीच दोन वर्षं आधी केली होती आणि मिनिट बुकात ती “पुढील सभेत विचार करू” या शेऱ्याखाली पडून होती.

तक्रार आली तर ती लेखी घ्या, तारीख टाका, किती दिवसांत उत्तर देणार ते सांगा. पाळक किंवा मंडळीतल्या वडीलजनांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नये असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं, आणि लगेच पुढच्या वचनात, दोषी ठरला तर सर्वांसमोर कानउघाडणी करा असंही. लोक यातलं आपल्या सोयीचं एकच वचन उचलतात.

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय काहीही ठरवू नका. दावीदासारखा राजा इथे फसला. तो आपल्या बंडखोर मुलापासून, अबशालोमापासून, पळत असताना शौल राजाचा नातू मफीबोशेथ याचा चाकर सीबा गाढवांवर भाकरी, मनुके, द्राक्षारस लादून आला आणि म्हणाला, मफीबोशेथ यरुशलेमेत बसून राज्याची स्वप्नं बघतोय. दावीदाने तिथल्या तिथे मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकली. नंतर पायांनी अधू मफीबोशेथ भेटला, दाढी न कापलेला, कपडे न धुतलेला, आणि म्हणाला की मला फसवून मागे ठेवलं. तेव्हा राजाने काय केलं? शेत दोघांनी वाटून घ्या म्हणाला. बातमी आणणारा भाकरी घेऊन येतो तेव्हा जास्त जपून राहावं.

निनावी पत्रांचं काय करायचं, हे प्रत्येक कमिटीला कधीतरी ठरवावंच लागतं. आमचा रिवाज असा: पैशाबद्दल असेल तर वही तपासायची, तिला पत्र लिहिणाऱ्याची सही लागत नाही. मुलाच्या किंवा कुणाच्याही सुरक्षिततेबद्दल असेल तर पायरी ५. कुणाच्या चारित्र्याबद्दल नुसती चिखलफेक असेल तर वाचून दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही, त्यावर चर्चा नाही. आणि ज्याची चौकशी झाली तो निर्दोष निघाला, तर ते सांगायचं. आरोप सगळ्यांना माहीत आणि निकाल फक्त मिनिट बुकात, असं अर्धवट सोडायचं नाही.

पायरी ७: बोलणं तुमच्याबद्दल असेल तर

थोडक्यात सांगते, कारण ही बाजू मी भोगलेली नाही. टीचरांकडून ऐकलं ते असं: प्रत्येकाला खुलासा देत फिरू नका, त्याने दमछाक होते. एका विश्वासाच्या माणसाला आणि पाळकांना एकदाच, कागदपत्रांसह सांगा. कमिटीकडे लेखी खुलासा द्या आणि तो जाहीर करायची मागणी करा. आणि “गप्प राहून सहन करणं म्हणजे क्रूस वाहणं” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. त्या म्हणाल्या, “ते गप्प बसले दुसऱ्यांची इज्जत राखायला. आमची कुणी राखली?”

पायरी ८: काडी तुम्हीच लावली असेल तर

जी वाट धरून अफवा गेली त्याच वाटेने माफी न्यायची, प्रत्येक स्टेशनावर थांबत. देवाकडे माफी मागून हे काम उरकत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय, म्हणून मी त्या महिन्याचं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेतलं नाही.

आधी त्या माणसाकडे. आम्ही नवरा-बायको कल्याणला त्यांच्या घरी गेलो, पाकिटात अठराशे रुपये घेऊन. माफीचं वाक्य मी घरी लिहून पाठ केलं होतं: “सात हजार कमी आहेत हे मी गाडीत बोलले. तुम्हाला विचारलं नाही. त्यातून तुमचं नाव खराब झालं, ते मी केलं.” माफीत ‘जर’ आणि ‘पण’ येऊ देऊ नका. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर” हे तर मुळीच नाही, वाईट वाटलेलंच असतं. “माझा हेतू तसा नव्हता” हेही नको. हेतू विचारला तर सांगा.

ते शांतपणे ऐकत होते. पाकीट पुढे केलं तेव्हा घेतलं नाही. म्हणाले, “पैसे आता पाळकसाहेबांकडे द्या. पावती घ्यायला विसरू नका.”

मग गाडीतल्या चौघींना, एकेकीला वेगळं. दोघींनी “एवढं काय त्यात” म्हणून टाळलं. एक म्हणाली, मीही पुढे सांगितलंय, मलाही जावं लागेल, आणि खरंच गेली. मग ज्या घरी ती प्रार्थना झाली होती त्या घरी. सगळ्यात शेवटी ग्रुपवर चार ओळी, माझं नाव घालून, नवऱ्याच्या थकबाकीसकट. तोवर मी पोस्ट टाकली की अंगठे पडायचे. त्या दिवशी एकही पडला नाही.

जालन्याची वाट मात्र मला सापडली नाही. तिथे ‘पण’ कुणी म्हटलं ते कुणी कबूल केलं नाही.

खजिनदारांनी पद पुन्हा घेतलं नाही. टीचर वर्षभराने संडे स्कूलमध्ये परत आल्या. मी विचारायला गेले नव्हते, मुलांच्या आयांनी आणलं. रविवारी भायखळ्याच्या फलाटावर भेटतो तेव्हा सलाम होतो, तब्येतीची विचारपूस होते. गाडी आली की त्या पुढच्या लेडीज डब्याकडे जातात, मी मधल्या.